कुरुपाची पट्टी

पायांच्या बाबतीत मास्तरांना शिकवायला जाणं म्हणजे आपण होऊन अपमान करून घेणं. तीस वर्षं ते मापाचे बूट शिवत होते. दुकानाच्या मागच्या भिंतीला छतापर्यंत फळ्या होत्या, त्यांवर गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे जोडीजोडीने मांडलेले, आणि प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. माणसाचं नाव मास्तर विसरत, पण पाय कधी विसरत नसत. रस्त्यात कोणी हाक मारली की चेहऱ्याआधी खाली बघत आणि मग म्हणत, "अरे, तुम्ही होय!"

दुकानाची एक रीत होती. माप देण्याआधी गिऱ्हाइकाने अनवाणी, दारापासून समोरच्या आरशापर्यंत चालून दाखवायचं आणि परत यायचं. मास्तर बघत आणि खिडकीपाशी मशीनवर बसलेली त्यांची बायकोही बघे. बुटाच्या वरच्या भागाची शिलाई तिच्याकडे होती. लग्नाला जेमतेम अडीच वर्षं झाली होती, पण चाल ओळखण्यात तिने नवऱ्याला केव्हाच मागे टाकलं होतं. ती मान वर करून एवढंच म्हणे, "उजव्या टाचेला काहीतरी लपवताय तुम्ही," आणि गिऱ्हाईक ओशाळून टाच वर करून दाखवी.

मग मास्तर काउंटरचा ड्रॉवर उघडत आणि कुरुपाची पट्टी काढून देत. मधोमध औषधाची गोल टिकली असलेली ती चिकटपट्टी म्हणजे त्यांचं ब्रह्मास्त्र. बोटाला कुरूप झालं, लावा पट्टी. तळव्याला चामखीळ आली, लावा पट्टी. "चार दिवसांत कातडी सोलून निघेल," ते सांगत. "एवढ्यासाठी डॉक्टर कशाला?" लोकांना गुण येई, त्यामुळे मास्तरांचा आत्मविश्वास दिवसेंदिवस वाढतच गेला होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते त्यांच्या अज्ञानामुळे झालं नाही. नको तितक्या अनुभवामुळे झालं.

दोघांचंही हे दुसरं लग्न. ते पन्नाशीचे, ती सेहेचाळीसची. मास्तरांचं पहिलं लग्न तरुणपणीच मोडलं होतं आणि नंतरची बरीच वर्षं त्यांनी एकट्याने काढली होती. तिचा पहिला नवरा बाहेरख्याली निघाला. नोंदणी कार्यालयाच्या बाकावर नंबर लागायची वाट बघत बसले असताना तिने मास्तरांना सांगितलं होतं, "माझी एकच अट आहे. रागवा, भांडा, घोरा, काहीही करा. पण माझ्याशी खोटं बोलू नका. ते मी अकरा वर्षं ऐकलंय. परत नाही जमणार मला." मास्तरांनी तिथल्या तिथे कबूल केलं. लपवायला काही नसलं की कबूल करणं सोपं असतं.

तेव्हापासून त्यांचं बरं चाललं होतं. बरं म्हणजे चांगलंच. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुपारी चारला चहा, त्यावर रेडिओच्या आवाजावरून थोडी खडाजंगी, आणि संध्याकाळी दुकान बंद केल्यावर नदीकाठाने एक फेरी. या वयात इतकं सुख आपल्या वाट्याला कसं आलं याचं मास्तरांना अधूनमधून नवल वाटे.

अशात एके दिवशी अंघोळ करताना मास्तरांच्या हाताला काहीतरी लागलं. नको त्या जागी. जांघेच्या जवळ दोन, आणि अगदी अवघड ठिकाणी एक. मऊ, कातडीच्याच रंगाचे, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे बारीक उंचवटे. दुखत नव्हते, खाजत नव्हते. मास्तरांनी चष्मा लावून आरशात पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

तशी वस्तू त्यांनी हजार वेळा पाहिली होती, पण तळपायाला. चामखीळच होती ती. पण असलं काही तिथे होतं म्हणजे कशामुळे, याबद्दल लोक काय बोलतात ते त्यांनाही ठाऊक होतं. आणि ज्या बाईचा पहिला नवरा रोज रात्री एक नवी थाप घेऊन घरी येत होता, तिच्या मनात पहिलं काय येणार हेही त्यांना ठाऊक होतं. मास्तर या अडीच वर्षांत कुठेच गेले नव्हते. पण नाही गेलो हे माणूस दाखवणार कसं?

त्यांनी ठरवलं की हिला कळायच्या आत निकाल लावायचा. चामखीळ म्हणजे चामखीळ. पायाला आली काय नि आणखी कुठे आली काय! दुपारी बायको वर गेल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून तीन पट्ट्या काढल्या, अस्तर कापायच्या बारीक कात्रीने जागेच्या मापाने कातरल्या, कडा गोल केल्या आणि लावल्या. काम इतकं बेतशीर झालं की क्षणभर त्यांना स्वतःचं कौतुकच वाटलं.

कौतुक दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकलं. मग जी आग सुरू झाली ती विचारू नका. पट्टी काढायला गेले तर पट्टीबरोबर कातडीही निघून आली. मास्तर स्टुलावर बसू शकेनात, उभे राहू शकेनात, आणि ठोकायचा बूट मांडीत धरणं तर अशक्यच झालं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"कंबर धरलीय."

तिने गरम पाण्याची पिशवी आणून दिली. मास्तर ती कमरेला लावून बसले आणि घामाघूम झाले. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुकानात कोणी नसताना तिने मशीन थांबवलं.

"जरा आरशापर्यंत चालून दाखवा."

"मी काय गिऱ्हाईक आहे?"

"चाला तर खरं."

मास्तर चालले. दोन्ही पाय फाकवून, दात-ओठ खात आरशापर्यंत गेले आणि परत आले.

"ही कंबर नाही," ती म्हणाली.

"मग पाठ असेल."

तिने त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि पुन्हा मशीन सुरू केलं. त्या दिवशी चारच्या चहाला रेडिओवरून भांडणही झालं नाही. मास्तरांना ते त्या जखमेपेक्षा जास्त झोंबलं.

चौथ्या दिवशी "चामडं बघून येतो" असं सांगून ते बाहेर पडले. म्हणजे आणखी एक थाप. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे आपल्याला कोणी ओळखणार नाही अशा ठिकाणी, त्यांनी त्वचारोगाचा आणि गुप्तरोगाचा एक दवाखाना हेरून ठेवला होता. तासभर मान खाली घालून बसले. नंबर आल्यावर आत गेले आणि टेबलाखाली त्यांना एक ओळखीची जोडी दिसली. काळे बूट, आतल्या बाजूला आधार दिलेला, त्यांच्याच हातचे.

"या मास्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सपाट तळव्यांच्या या बाईंना त्यांनी दोन वर्षांपूर्वी उंच टाचांवरून चांगलं फैलावर घेतलं होतं. आता त्यांच्याच समोर पडद्याआड झोपायची पाळी आली होती.

बाईंनी हातमोजे घातले, दिवा जवळ ओढला आणि शांतपणे तपासलं. मग विचारलं, "याच्यावर काय लावलंत?"

मास्तरांनी सांगितलं.

"कुरुपाची पट्टी?" बाईंनी डोळे मिटून घेतले. हसू आवरायला की राग, ते कळलं नाही. "मास्तर, बुटाच्या तळाचं चामडं आणि अस्तराचं चामडं एकाच सुईनं शिवता का तुम्ही?"

"छे! अस्तर फाटेल."

"मग? त्या पट्टीतलं औषध तळपायाच्या जाड कातडीसाठी असतं. इथली कातडी तुमच्या अस्तरापेक्षा नाजूक. फाडलीत ना?"

मास्तरांनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा चामड्यावरून त्यांना कोणीतरी दोन शब्द सुनावले होते, आणि ते खरे होते.

बाईंनी त्यांना समोर बसवलं आणि बुटाचं माप समजावून सांगावं तसं सगळं सांगितलं. या चामखिळी एका विषाणूमुळे होतात. एचपीव्ही म्हणतात त्याला. पायावरच्या चामखिळीही त्याच्याच गोतावळ्यातल्या, पण हा प्रकार वेगळा. फार लोकांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो, आणि बऱ्याच जणांना कळतही नाही. शरीरसंबंधातून, कातडीला कातडी लागून येतो. चामखीळ उठवणारा प्रकार कॅन्सर करणाऱ्यांपैकी नसतो सहसा, तेव्हा तो घोर नको. आधी मलम लावून भाजलेलं बरं करायचं. मग द्रवरूप नायट्रोजन, म्हणजे बर्फाहून कितीतरी थंड असतो तो, त्याने चामखिळी गोठवायच्या. दोन-तीन आठवड्यांनी परत. कधीकधी गेलेली पुन्हा उगवते, मग पुन्हा गोठवायची. हळूहळू शरीरच त्याला आवरतं. तोवर संबंध बंद. नंतरही निरोध वापरावा, त्याने धोका कमी होतो, पण पुरता जात नाही. बाकीच्या गुप्तरोगांसाठी एकदा रक्त तपासून घ्यायचं.

"पण आलं कुठून हे?" मास्तरांनी विचारलं. "मी शपथेवर सांगतो, अडीच वर्षांत मी..."

"शपथ नको. हा विषाणू महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं अंगात गप्प बसून राहतो. आत्ता उगवला म्हणजे आत्ताच आला असं नाही. कोणाकडून आला, कधी आला, ते मला काय, कोणालाच सांगता येणार नाही."

मास्तरांचा चेहरा एकदम उजळला. "मग एवढंच लिहून द्या! सही-शिक्क्यानिशी! की हे जुनं आहे, मास्तर बाहेर कुठे गेलेले नाहीत."

"असलं सर्टिफिकेट नसतं हो. जुनं असू शकतं एवढंच मी म्हणेन. तुम्ही कुठे गेला नाहीत हे तुमच्याच तोंडानं सांगावं लागेल. आणि सांगाच, कारण बायकोलाही तपासायला हवं. चामखिळी आहेत का ते बघायचं, आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी. ती तर या वयात हे नसतं तरी करायचीच असते."

परतीच्या वाटेवर मास्तरांनी सांगायची सुरुवात सात-आठ प्रकारे घोळवून पाहिली. एकही धड नव्हती.

दुकान दुपारचं बंद होतं. बायको खिडकीपाशी बसून दोरा ओवत होती. "मिळालं चामडं?" तिने वर न बघता विचारलं.

"गेलोच नव्हतो," मास्तर म्हणाले, आणि मग थांबले नाहीत. अंघोळ, आरसा, पट्टी, कात्री, खोटी कंबर, खोटी पाठ, दवाखाना, सगळं एका दमात सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, "मी कुठेही गेलो नाही. पुरावा काही नाही माझ्याकडे. डॉक्टरीणबाई लिहून देईनात."

तिच्या हातातली सुई तशीच राहिली. चेहरा पांढराफटक पडला होता. ती उठली आणि जिना चढून वर गेली.

मास्तर गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले, एका कुल्ल्यावर, कारण दोन्हीवर बसवत नव्हतं. वर कपाट उघडल्याचा आवाज आला. बॅग भरतेय, त्यांना वाटलं. संपलं सगळं. आपणच आपल्या हाताने माती केली. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर निदान तीन थापा तरी वाचल्या असत्या.

बऱ्याच वेळाने ती खाली आली. हातात बॅग नव्हती, रुमाल होता. ती त्यांच्या शेजारी बसली.

"मला झालं होतं हे," ती म्हणाली. "अठरा वर्षांपूर्वी."

मास्तर तिच्याकडे वळून बसले.

"कुठून आलं ते वेगळं सांगायला नको. पण त्यानं मलाच ऐकवलं. तुझ्याच अंगाची घाण आहे म्हणाला. मोठ्या इस्पितळात जाऊन जाळून घेतल्या मी, एकटीनं. तिथली नर्स भरलेल्या व्हरांड्यात ओरडली, 'ती खालच्या चामखिळीची बाई कुठे गेली?' सगळ्यांनी माना वळवल्या. त्यानंतर मी कुठल्या डॉक्टरला अंगाला हात लावू दिला नाही." तिने रुमालाची घडी घातली, मोडली. "तुम्हाला अट मी घातली, आणि लपवलं पण मीच. कितीदा वाटलं, सांगावं. मग वाटायचं, यांना पण किळस आली तर? आता माझ्यामुळेच झालं असणार तुम्हाला."

आता मास्तरांची पहिली भावना कोणती होती ते खरं सांगायला हवं. त्यांना सुटल्यासारखं वाटलं. हातात आयतं सर्टिफिकेट पडलं होतं, सही-शिक्क्यानिशी! त्यांनी नुसतं गप्प बसायचं होतं. ती आयुष्यभर स्वतःला दोष देत राहिली असती आणि मास्तर उदार मनाचे क्षमाशील नवरे म्हणून मिरवले असते. हा विचार त्यांच्या मनात पुरता आला, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. तिचा पहिला नवरा तरी वेगळं काय करून गेला होता?

"तुझ्यामुळे असं म्हणता येत नाही," ते म्हणाले. "कोणाकडून आलं ते कळतच नाही, असं बाईंनी चक्क सांगितलंय. आणि अठरा वर्षांपूर्वीचं तुझं म्हणशील, तर माझंही आहे. सात वर्षांपूर्वी दुकान बंद ठेवून मी दुसऱ्या गावी बुटांच्या कारखान्यात होतो. तिथे एक जण होती, हिशोबनीस. वर्षभर चाललं. तुला सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं?"

"नाही. सांगितलं नाही."

तिने समोरच्या साच्यांकडे नजर वळवली.

"चांगली होती?"

"चांगली होती," मास्तर म्हणाले. खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं. "पाय सपाट होते."

तिला हसू फुटलं. रडता रडता फुटलं, त्यामुळे जरा विचित्रच आवाज आला. "तुम्हाला दुसरं काही दिसतं का हो माणसात?" ती म्हणाली, आणि मग एकदम चिडली. "आणि कुरुपाची पट्टी? आपल्या ड्रॉवरमधली? तिथे? अहो, अक्कल गहाण ठेवलीत का?" ती चांगली दहा मिनिटं बोलत होती. मास्तर मान खाली घालून ऐकत होते आणि मनातून इतके खूश होते की त्यांना ते लपवणं जड गेलं. इतकं मनापासून ती फक्त आपल्या माणसालाच बोलत असे.

जखम भरायला दोन आठवडे लागले. मग गोठवण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. दर तिसऱ्या मंगळवारी सकाळी दुकानावर "दुपारी उघडेल" अशी पाटी लागे आणि दोघं बसने गावाच्या दुसऱ्या टोकाला जात. गोठवताना सुई टोचल्यासारखं व्हायचं, मग थोडी जळजळ. मास्तर पडद्याआडून मोठ्याने "आई गं!" करत आणि डॉक्टरीणबाई म्हणत, "मास्तर, तुमच्या नव्या बुटांनी मला याहून जास्त चावलं होतं." दोन चामखिळी गेल्या. तिसरी गेली आणि पुन्हा उगवली. बाईंनी ती पुन्हा गोठवली आणि घरी लावायला एक क्रीमही दिलं. रक्ताचे रिपोर्ट ठीक आले.

ती मात्र बाहेरच्या बाकावरच बसे. "तसल्या टेबलावर मी परत चढणार नाही," असं तिने निक्षून सांगितलं होतं, आणि मास्तरांनी आग्रह केला नव्हता. घाबरून आखडलेल्या पायाचं माप कधीच बरोबर येत नाही, हे तीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना कळलेलं होतं. एवढ्या एका ठिकाणी त्यांचा अनुभव उपयोगी पडला.

चौथ्या फेरीला मास्तर आतून आले तेव्हा ती उभीच होती. "माझी पर्स धरा," ती म्हणाली, आणि त्यांनी काही विचारायच्या आत दार लोटून आत गेली.

मास्तर पर्स मांडीवर घेऊन बसले. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, ते बहुधा बंद पडलं असावं असं त्यांना दोनदा वाटलं. आतून आवाज नव्हता. शेजारचा माणूस त्यांच्या बुटांकडे बघून काहीतरी विचारत होता. मास्तरांना ते बुटाबद्दल होतं एवढंच कळलं, आणि तरीही त्यांनी उत्तर दिलं नाही. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली.

"काय झालं?" मास्तर उठून उभे राहिले.

"झाली तपासणी. आत्ता अंगावर काही नाही म्हणाल्या. आतला नमुना घेतलाय, रिपोर्ट आठवड्यानं."

"दुखलं?"

"नाही. थोडं गार लागलं." ती बाकावर बसली आणि आपल्या हातांकडे बघत राहिली. "त्यांनी विचारलं, आधी कधी काही झालं होतं का. मग मी सांगितलं. सगळं. त्या जाळल्या ते, आणि तो काय म्हणाला ते पण."

"मग?"

"मग त्या म्हणाल्या, 'बरं.' आणि लिहून घेतलं."

"आणि?"

"आणि मग विचारलं, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का." तिने मास्तरांकडे पाहिलं. डोळे भरून आले होते आणि ओठ हसत होते. "अहो, अठरा वर्षं! अठरा वर्षं मी जीव मुठीत धरून होते, आणि त्या नुसतं 'बरं' म्हणाल्या."